थिनरचा कॅन आत का ओढला जातो?

मा. संपादक,
निपाणी-चिकोडीकडची शेती-औषधांची दुकाने असोत की बेळगावातली रंगाची, बाजूने आत ओढलेले कॅन सर्रास दिसतात. गिऱ्हाईक बुचाला दोष देते. बूच बहुधा ठीक असते; झायलीन, टोल्युईन ही थिनर-औषधांतली द्रावके साध्या एचडीपीईच्या (कॅनचे नेहमीचे प्लास्टिक) भिंतीतूनच झिरपतात, आतला दाब कमी होतो आणि भिंत आत ओढली जाते. भिंत जाड केल्याने हे मंदावते, थांबत नाही.

एचडीपीईत वजनाने 5 ते 15 टक्के नायलॉन आणि दोघांना सांधायला मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिइथिलीन घातले, तर नेहमीच्याच ब्लो मोल्डिंग मशीनवर (वितळलेले प्लास्टिक साच्यात हवेने फुगवणारे) द्रावक अडवणारा कॅन निघतो. मात्र नायलॉन भिंतीत पातळ पापुद्र्यांनी पसरले पाहिजे. गाडी अडते ती इथेच. जितके घुसळू तितका माल चांगला, या सवयीने मशीनमध्ये प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारा स्क्रू घुसळणारा, म्हणजे मिक्सिंग स्क्रू, लावतात. नायलॉनचे बारीक थेंब होतात आणि द्रावक त्यांना वळसा घालून बाहेर पडते. स्क्रू साधाच हवा. नायलॉन 6 सुमारे 220 अंशांना वितळते; मालाचे तापमान त्याच्या थोडेच वर ठेवावे. कमी पडले तर अख्खे दाणे भिंतीत दिसतात. नायलॉन आधी 80 अंशांवर सुकवावे, नाहीतर बुडबुडे येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हयगय नकोच.

तपासणी स्वस्त आहे: झायलीन भरून, बूच पक्के करून, साध्या कॅनशेजारी ठेवून दर आठवड्याला दोन्हींचे वजन करावे. थिनरमध्ये मिथेनॉल असेल तर मात्र नायलॉनवर विसंबू नये. ते त्यातूनही जाते.

— एक मोल्डर, उद्यमबाग, बेळगाव