सिस्टर, पावलावरची ती फुली

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पण अतिदक्षता विभागातल्या त्या दोन रात्रींबद्दल तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले, ते मनाला लागून राहिलंय.

मला आणलं तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली गार पडला होता. पांढराफटक, बोटांना मुंग्या. सकाळपासून कळा येत होत्या आणि मी मात्र पायात गोळा आला असेल म्हणून चोळत बसले होते. बोटं अजून हलत होती, म्हणून रोहिणीतली गुठळी औषधाने विरघळवून बघता येईल, असं डॉक्टर म्हणाले. ती हलायची थांबली असती तर इतका वेळ घेणारा उपाय परवडला नसता.

उजव्या जांघेतून घातलेली बारीक नळी पार डाव्या पायातल्या गुठळीत नेऊन ठेवली आणि तिच्यातून अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध सुरू झालं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन गुठळी वाढू देत नाही, पण झालेली विरघळवत नाही. अल्टेप्लेज रक्तातल्याच प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं आणि ते प्लाझ्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. नळीतून थेट गुठळीत थोडं थोडं औषध सोडल्याचे अनुभव अमेरिकन रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले होते. तेव्हा औषध होतं स्ट्रेप्टोकायनेज. हे सगळं मी घरी आल्यावर वाचलं. त्या रात्री कळत होतं ते एवढंच, की उजवा पाय वाकवायचा नाही, उठायचं नाही आणि वाट बघायची.

तुम्ही डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावून माझ्या पावलावर नाडी शोधत होतात. कितीतरी वेळ नुसती खरखर. मग एका जागी अगदी क्षीण ‘सूं’ ऐकू आलं आणि तुम्ही तिथे पेनाने फुली मारलीत. त्यानंतर तासातासाला तीच फुली, तोच आवाज. बोटं हलवा. डोकं दुखतंय का? तुमचं नाव सांगा बघू. झोपमोड होते म्हणून मी एकदा तुमच्यावर चिडलेही. हे औषध पायापुरतं थांबेलच असं नसतं, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो आणि तुम्ही दर तासाला तेच तपासत होतात, हे मला ठाऊक नव्हतं. माफ करा.

पहाटे जांघेतली पट्टी ओली झाली. मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही चादर बाजूला केलीत आणि एका हाताने तिथे दाबून धरत दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावलात. रक्त तपासलं, रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेन उतरलं होतं, औषधाचा वेग कमी केला. तोवर तुम्ही हात काढला नव्हता. मनगट थरथरत होतं तुमचं.

दुपारच्या अँजिओग्राफीत रस्ता मोकळा दिसला, नळी निघाली. गुठळी हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झाली होती, त्यासाठी आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेते, एकही दिवस न चुकता.

दुसऱ्या रात्री ड्यूटीवर येताच तुम्ही डॉपलर न घेता माझ्याकडे आलात. मला हळूच टेकवून बसवलंत, डावा पाय जवळ घ्यायला लावलात, माझं बोट धरून त्या पुसट झालेल्या फुलीवर ठेवलंत आणि म्हणालात, “लागतेय का?”

लागत होती, सिस्टर. मनापासून आभार.

तुमची,
त्या कोपऱ्यातल्या खाटेवरची पेशंट