आई-बाबांना पत्र : वृंदावनाजवळच्या निवडुंगाविषयी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

गणपती आटोपून निघताना तुळशीवृंदावनाजवळचा गोल निवडुंग मी कुंडीतून काढून, गोणपाटात गुंडाळून पुण्याला घेऊन आले, ते बाबांच्या मनाला लागले असणार, याची मला जाणीव आहे. आत्याची आठवण अशी घराबाहेर हलवायची नसते, हेही मला कळते. पण थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. बुंध्याशी दाबून पाहिले तेव्हा सालीखाली पाणी साचल्यासारखी मऊ, काळपट जागा लागली, आणि अशी कूज एकदा वर सरकू लागली की निवडुंग पाहता पाहता हातचा जातो.

बाबा, तुम्ही त्याला रोज पाणी घालत होतात ते मायेपोटीच. अंगावर सुरकुत्या पडल्या आणि कंगोरे आत ओढले गेले की तो कुणालाही तहानलेलाच वाटेल, आणि पुष्कळदा तो तसा असतोही. मात्र खरोखर तहानलेला निवडुंग सुरकुतला तरी बुंध्याशी टणक लागतो आणि त्याच्या कुंडीतली माती तळापर्यंत कोरडी असते. आपल्या कुंडीत माती ओलीचिंब होती आणि तरीही झाड सुकत चालले होते, कारण पाणी ओढून घेणारी मुळेच कुजली होती; भोवती पाणी असूनही त्यातले काही वर चढत नव्हते आणि नव्याने घातलेल्या पाण्याने कूज वाढत होती. तुळशीला जेवढे पाणी मानवते तेवढे तिच्या शेजाऱ्याला सोसत नाही, एवढेच. हा मूळचा मेक्सिकोतल्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. पाणी तो अंगातच साठवतो आणि ते उडून जाऊ नये म्हणून सालीवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतो. त्याला रत्नागिरी जिल्ह्यातला वर्षाचा ३००० मिलिमीटरच्या वरचा पाऊस आणि त्यातून पागोळीची धार थेट कुंडीत, हे सगळे झेपणे अवघडच होते. बांधावरचा त्रिधारी निवडुंग याच पावसात ठणठणीत उभा आहे, ही तुमची शंका अगदी रास्त आहे. पण तो मुळात वेगळ्या कुळातला, शिवाय जांभ्याच्या उतारावर असल्यामुळे त्याच्या मुळाशी पाणी ठरत नाही. सिमेंटच्या कुंडीचे भोक मात्र चिखलाने पार बुजलेले निघाले.

इथे आल्यावर मी काय केले ते सविस्तर लिहिते, म्हणजे बाबांना रात्री झोप लागेल. ओली माती झाडल्यावर बरीच मुळे तपकिरी आणि बुळबुळीत निघाली. चिमटीत धरून ओढले की वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहत होता. ती सगळी कापली. नंतर बुंध्याचा मऊ भाग पातळ चकत्या करून काढत गेले, प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसत गेले आणि कापलेल्या जागेत एकही तपकिरी ठिपका दिसेनासा झाला तेव्हाच थांबले. त्यावर गंधकाची पूड लावून तो सावलीत, वाऱ्यावर ठेवला आहे. जखम पूर्ण वाळून वर खपली धरली की नदीची जाडी वाळू, विटांचा चुरा आणि थोडे पानांचे खत घातलेल्या मातीच्या कुंडीत त्याला बसवीन आणि त्यानंतरही आठवडाभर पाणी देणार नाही. खालच्या अंगाचा खरखरीत, लाकडासारखा तपकिरी पट्टा जिथे टणक आहे तिथे तसाच ठेवला आहे, कारण तो रोग नव्हे, वयाने येतो. शेंडा हिरवा आणि घट्ट आहे, त्यामुळे मला बरीच आशा वाटते.

दुसरे कारण मी तिथे असताना बोलले नाही, ते आता लिहिते. बाबांच्या अंगठ्यात काटा मोडून राहिला होता आणि ती जागा कितीतरी दिवस लाल होती. साखर असलेल्या माणसाची एवढीशी जखमही लवकर भरत नाही, म्हणून ती भारी कुंडी एकट्याने सरकवणे आणि काट्यांतून पाला वेचणे मला नकोच होते. लहानपणी पुळणीवरच्या फड्या निवडुंगाची लाल बोंडे खाऊन मी दोन्ही तळहात कुसांनी भरून आणले होते, तेव्हा कंदिलाजवळ बसून तुम्ही एकेक कूस चिमट्याने काढलीत आणि मध्येच थांबून माझ्या हातावर फुंकर घालत राहिलात. तुमच्या हाताला काही टोचलेले मला अजूनही बघवत नाही, बाबा.

वृंदावनाजवळची जागा ओकी दिसू नये म्हणून नव्या कुंडीत अबोली लावायला सांगितली आहे. तिला ओल आवडते, त्यामुळे सकाळी तुळशीला घालून उरलेले तांब्यातले पाणी तिला खुशाल घाला.

आई, आता तुझ्या खिडकीतल्या दोन लहान निवडुंगांबद्दल. एकाचा शेंडा बारीक, फिकट होऊन काचेकडे झुकला आहे, तो उजेडाअभावी. पाऊस ओसरला की त्याला पडवीच्या कडेला ठेव, पण ऑक्टोबरच्या उन्हात एकदम नेऊ नकोस; सावलीतला निवडुंग अचानक कडक उन्हात गेला की उन्हाकडच्या अंगावर पांढुरके चट्टे उठतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. पंधरा दिवस वर जुन्या साडीचा पदर धर आणि रोज थोडे थोडे ऊन वाढव. दुसऱ्यावरचे कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. चित्रकलेचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तेवढ्याच जागी लाव, तेही संध्याकाळी, आणि दर आठवड्याला पुन्हा बघ. दोघांनाही पाणी देण्याआधी उदबत्तीची विझलेली काडी तळापर्यंत खुपसून बघायची. तिला ओली माती चिकटली, तर पाणी द्यायचे नाही. कुंडीखालच्या बशीत पाणी ठेवायचे नाही. कुंडी बदलायची वेळ आली, तर पुळणीवरची वाळू अजिबात वापरायची नाही, तिच्यात मीठ असते. आणि काटेरी झाडाला हात लावताना वर्तमानपत्राची जाड घडी घ्यायचीच, हे दोघांनाही सांगते आहे.

मुळे धरल्याची खात्री झाली की शिमग्याला मी निवडुंग परत आणीन, म्हणजे पावसाआधी त्याला तिथली हवा अंगवळणी पडेल. त्यापुढे मात्र दर वर्षी मिरगाआधी कुंडी पडवीत आत घ्यायची आणि ती वाडीतल्या एखाद्या मुलाकडून उचलून घ्यायची, बाबांनी नव्हे. तेवढे कबूल असल्याचे आईने मला फोनवर कळवावे. अंगठ्याचा फोटोही पाठवावा, चांगल्या उजेडात काढून.

तुमची,
मनू