बाबा, गाठ काढायची तारीख मी घेऊन ठेवली आहे

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे जातो. म्हणून शेवटी लिहायलाच बसले. बाबा, गालाच्या आतली ती गाठ काढून घ्यायला येत्या गुरुवारी सकाळची वेळ मी घेतली आहे. बुधवारी संध्याकाळी मी घरी पोचते. रजा मंजूर झाली आहे आणि तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी तिथेच राहणार आहे.

तुम्हाला न विचारता ठरवलं, हे तुम्हाला रुचणार नाही. पण विचारलं असतं तर ते पुढच्या महिन्यावर गेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला दुसरं काही महत्त्वाचं काम निघालं असतं. डॉक्टर घाई करा म्हणाले नाहीत, मग हिलाच कसली घाई, असंही तुमच्या मनात येईल. घाई गाठीची नाही. तुम्ही हल्ली एकाच बाजूने जेवता, बोलता बोलता जीभ तिथे नेता आणि आईला काही कळू देत नाही, ते मला बघवत नाही.

तुम्ही त्या दिवशी खुर्चीत डोळे मिटून बसला होतात, त्यामुळे डॉक्टरांनी काय काय केलं ते तुम्हाला दिसलं नाही. मी शेजारीच उभी होते. त्यांनी एक बोट गालाच्या आतून आणि एक बाहेरून लावून गाठ चिमटीत धरली आणि हलवून पाहिली. गाठ घट्टसर आहे, पण खालच्या मांसाला चिकटून बसलेली नाही. रंग आजूबाजूसारखाच गुलाबी, पृष्ठभाग गुळगुळीत, वर जखम नाही, दाबल्यावर तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मग जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपलं. तिथे काही लागलं नाही. शेवटी त्यांनी मला आरशात दाखवलं: गाठ जिथे आहे, बरोबर तिथेच तुमच्या दाढेचा तो तुटका कोपरा घासतो. तेव्हाच ते म्हणाले, हा बहुतेक फायब्रोमा. गालाचा तोच भाग दाताखाली पुन्हा पुन्हा आला की शरीर तिथे तंतूंचा थर साठवत जातं, हाताला घट्टा पडतो तसं. तोंडात ही गाठ फार सर्रास सापडते. बहुतेक वेळा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि थांबते. तिचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ.

काकांचं तुमच्या मनात येतं, ते मला माहीत आहे बाबा. माझ्याही येतं. पण काकांना गाठ नव्हती. त्यांना भरून न येणारी जखम होती, तिच्या कडा कडक झाल्या होत्या, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पांढरा चट्टा होता. तुमच्या तोंडात डॉक्टरांनी जिभेच्या खालीसुद्धा पाहिलं, घशाकडे पाहिलं. असं काहीही नाही. गालाच्या आत दिसणारे जे पिवळसर बारीक दाणे तुम्ही मला हळूच दाखवलेत ना, त्या नुसत्या तेलग्रंथी आहेत. बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात असतात. त्यांना औषध नाही, कारण तो आजारच नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे ऐकून छातीत धस्स होणार नाही. काढलेली गाठ फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तपासायला पाठवतील. त्याला बायोप्सीच म्हणतात. तो शब्द ऐकून डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलं असा अर्थ काढू नका. तोंडातल्या बऱ्याच निरुपद्रवी गाठी वरून सारख्याच दिसतात: फायब्रोमा, चरबीची गाठ, लाळेच्या बारीक ग्रंथींतून उठलेली गाठ. डोळ्यांनी अंदाज बांधता येतो, खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून काढलेला प्रत्येक तुकडा तपासायचा, ही चांगल्या डॉक्टरची रीतच आहे. आणि मला ते कागदावर हवं आहे बाबा. "बहुतेक" या शब्दावर मला झोप लागत नाही.

माझ्या ओठाचं आठवतंय ना? खालच्या ओठाच्या आत तो निळसर, पाण्याने भरल्यासारखा फोड. फुटायचा, आपण सगळे खूश व्हायचो, आणि काही दिवसांनी परत हजर. आई मला खिडकीपाशी उभी करून ओठ खाली ओढून बघायची. ओठ चावून चावून लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी तुटली होती आणि लाळ आतल्या आत साठत होती. ती ग्रंथी फोडाबरोबर काढली तेव्हाच तो कायमचा गेला. त्या दिवशी मी आत जायला तयार नव्हते. तुम्ही माझ्याशेजारी बसून माझी करंगळी धरलीत आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत. इंजेक्शनची सुई टोचली तेवढंच दुखलं, पुढे नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं. तुमचंही तेवढंच होईल. भूल फक्त त्या जागेपुरती. पंधरा-वीस मिनिटांचं काम, एक-दोन टाके. या वेळी करंगळी मी धरणार.

दाढेचा कोपराही त्याच वेळी घासून घ्यायचा आहे. ते करायचंच, कारण घासणारा कोपरा तसाच ठेवला तर गाठ परत येते.

आई, तुझ्या खालच्या ओठावरच्या निळ्या ठिपक्याची काळजी सोड. डॉक्टरांनी काचेच्या पट्टीने दाबला तेव्हा तो फिका पडून जवळजवळ नाहीसा झाला आणि काच काढताच पुन्हा भरला, तू नाही पाहिलंस, मी पाहिलं. म्हणजे आत रक्तच आहे: उतारवयात, वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या ओठाची एक बारीक शीर फुगली आहे. काही करायची गरज नाही. दिसायला नको वाटला तर लेझरने जातो, तुझी इच्छा. बाहेर जाताना ओठांना उन्हापासून सांभाळ मात्र. आणि ठिपका काळा पडला, कडक लागला किंवा त्यातून रक्त आलं तर लगेच सांगायचं, मी येईपर्यंत थांबायचं नाही. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, घालून झोपायचं नाही. ती हिरडीला घासते म्हणून दोनदा बोललीस. तिथेही अशीच मांसाची घडी वाढू शकते, तेव्हा गुरुवारी कवळीही दाखवून घेऊ.

बाबा, आता थोडं दटावते, रागावू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एवढ्या लहान कामासाठी ती सहसा थांबवतही नाहीत, आणि काय करायचं ते डॉक्टरच सांगतील. गाठीला दोरा बांधणं, सुईने टोचणं, दुखण्यावरची गोळी गालात धरून ठेवणं, यातलं काही करू नका. गोळीने आतली त्वचा भाजते. गुरुवारी उपाशी जायचं नाही, नेहमीच्या वेळी खाऊन, साखरेची आणि बीपीची गोळी घेऊन निघायचं.

नंतर अर्धा तास बोळा दाबून धरायचा आणि सारखं थुंकत राहायचं नाही. बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही नाही, नाहीतर भाजेल आणि कळणारही नाही. पहिले दोन दिवस मऊ आणि गारसर खाणं, ते माझ्याकडे लागलं. आईने स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. जखमेवर पांढरट-पिवळट साय धरेल, तो पू नव्हे, जखम भरत असते. ती खरवडू नका. तुमची उशी थोडी उंच करून देईन, म्हणजे सूज कमी राहील. रेडिओ तुमच्या खोलीत आणून ठेवते. दोन दिवस कमी बोलावं लागेल, पण ऐकायला मनाई नाही.

यापुढे मात्र कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, ओठ बधिर वाटला, तर "बघू" नाही. दोघांनाही लागू.

आई, बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच पाठव, नाव आणि मात्रा दिसेल असे. जुना ईसीजी कपाटातल्या निळ्या फायलीत आहे, तो वर काढून ठेव.

तुमची,
लेक