'ब्रिटिश इंग्रजी' म्हणून विकलेल्या सराव अ‍ॅपबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 'ब्रिटिश इंग्रजी' पॅकेजमधील चुकीची उत्तरे आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मिरजेत मी नर्सिंग झालेल्या मुलींची इंग्रजीची शिकवणी घेते. बहुतेकींना ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे आणि तिथल्या नोंदणीसाठी त्या आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा देतात. म्हणूनच तुमचं 'ब्रिटिश इंग्रजी' हे वर्षाचं पॅकेज मी एकरकमी पैसे भरून घेतलं. पण 'कलर'मध्ये यू घातला आणि 'सेंटर'च्या शेवटची अक्षरं उलटी केली, इथेच तुमचं ब्रिटिशपण संपतं. बाकी सगळा माल अमेरिकन.

शब्दयोगी अव्ययांचा सराव बघा. रुग्ण म्हणून दाखल असलेल्या बाईबद्दल 'शी इज इन हॉस्पिटल' हे ब्रिटिश इंग्रजीत बरोबर आहे. तिथे 'इन द हॉस्पिटल' म्हटलं की ती नुसती त्या इमारतीत आहे, कदाचित कुणाला भेटायला आली असेल, असा अर्थ निघतो. तुमचं अ‍ॅप 'द' नसेल तर लाल फुली मारतं. 'अ‍ॅट द वीकेंड' लिहिलं की फुली, 'मंडे टू फ्रायडे'लाही फुली, कारण त्याला 'थ्रू' हवं असतं. मुली बरोबर लिहितात आणि तुमच्या गुणपत्रकात नापास होतात.

शब्दसंग्रहात तर कहर आहे. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला 'ए अँड ई' म्हटलं तर चूक, 'ईआर' बरोबर. शस्त्रक्रियेच्या खोलीला 'थिएटर' चूक, 'ऑपरेटिंग रूम' बरोबर. पॅरासिटामॉलच्या जागी अ‍ॅसिटामिनोफेन आणि अ‍ॅड्रेनॅलिनच्या जागी एपिनेफ्रिन! अहो, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन हीच नावं ब्रिटनमध्येही चालतात आणि आमच्या मिरजेतल्या वॉर्डातही. तारखांच्या धड्यात ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल असं शिकवलंय. ब्रिटनमध्ये ती ४ जुलै होते. केसपेपरवर असा घोळ झाला तर तो निस्तरायला तुमचं अ‍ॅप येणार नाही. मजल्यांचंही तेच. तळमजल्याला 'फर्स्ट फ्लोअर' म्हणायला शिकलेली मुलगी लंडनमध्ये रुग्णाला चुकीच्या मजल्यावर नेईल.

वाक्प्रचारांबद्दल काय बोलावं! 'टच वूड' चूक ठरवून 'नॉक ऑन वूड' आणि 'स्टॉर्म इन अ टीकप'ऐवजी 'टेम्पेस्ट इन अ टीपॉट'. त्यावर कडी म्हणजे 'मराठीतून समजून घ्या' हे बटण. 'कीप अ‍ॅन आय ऑन द पेशंट' याचा अर्थ तिथे दिलाय : 'रुग्णावर डोळा ठेवा.' वर्गात हशा पिकला. मराठीत डोळा ठेवतात तो दुसऱ्याच्या जमिनीवर नाहीतर दागिन्यांवर. रुग्णाकडे लक्ष ठेवतात. हे कुणा मराठी माणसाच्या नजरेखालून गेलं असेल, असं मला वाटत नाही.

याआधी तक्रार केली तेव्हा 'दोन्ही रूपे योग्य आहेत, आपल्या सोयीनुसार निवडा' असं साचेबद्ध उत्तर आलं. दोन्ही योग्य आहेत तर मग फुली कशाला? आणि निवड मी पैसे भरतानाच केली होती.

माझ्या मागण्या सरळ आहेत. वर लिहिलेली उत्तरं दुरुस्त करा आणि त्यापायी मुलींचे कापलेले गुण परत द्या, कारण त्या गुणपत्रकावरूनच मी कुणाला परीक्षेला बसवायचं ते ठरवते. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करा. तुमच्या 'क्रेडिट पॉइंट्स'चं मला काही काम नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. तिथेही काम झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. फुली मारलेल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(इंग्रजी शिकवणी वर्ग, मिरज)