एझीचे चार गोल

कातोवित्से, पोलंड
१९ ऑक्टोबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. थंडी पडायला लागली, आईने दिलेला स्वेटर बाहेर काढला. मागच्या फोनला तुम्ही विचारलंत, तो फुटबॉलवाला लेवान्डोव्स्की तुझ्याच गावचा का रे? नाही आबा, तो वॉर्साचा. पण मी राहतो त्या गावात त्याच्या कितीतरी आधी एक असाच गोल मारणारा होऊन गेला. त्याच्याबद्दल तुम्हाला कधीचं सांगायचंय.

एर्नेस्ट विलिमोव्स्की. इथली म्हातारी माणसं नुसतं 'एझी' म्हणतात. १९१६ साली तो इथे जन्मला तेव्हा हे शहर जर्मनीत होतं, १९२२ साली ते पोलंडकडे आलं. वडील पहिल्या महायुद्धात गेले. विलिमोव्स्की हे आडनाव सावत्र वडिलांचं.

आमच्या तळमजल्यावर कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं. काचेच्या पेल्यात काळा चहा, वर लिंबाची चकती. बोलता बोलता त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि बोटं मोजून दाखवली, मग हाताने खूण केली, आणखी एक. एझीच्या उजव्या पायाला सहा बोटं होती! मग साखरेचे चौकोनी खडे टेबलावर मांडले. हे बॅक, हा गोलकीपर. आणि चमचा त्यांच्यामधून असा वळवत नेला, मध्येच थांबवला, पुन्हा सोडला, की मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तुमच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. आजोबांच्या वडिलांनी त्याला खेळताना बघितलेलं. हा चमचा त्यांच्याकडून आलेला.

एझी शेजारच्या होझुफच्या 'रुख' क्लबकडून खेळायचा. पेटेरेक, वोदाश आणि तो, या तिघांना लोक 'तीन राजे' म्हणायचे. रुखने १९३४, ३५, ३६ आणि ३८ अशी चार वेळा लीग जिंकली. एझीचे लीगमध्ये ८६ सामन्यांत ११२ गोल आहेत. मे १९३९ मध्ये वुच शहराच्या एका संघाविरुद्ध त्याने एकट्याने १० गोल मारले. पोलंडच्या लीगमधला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

पण आजोबांचा जीव अडकलाय तो ५ जून १९३८ मध्ये. फ्रान्सातलं स्ट्रासबुर्ग, वर्ल्ड कप, पोलंडचा तिथला पहिलाच सामना आणि समोर ब्राझील. हाफ टाइमला ब्राझील ३-१ ने पुढे. पोलंडचा तो एक गोलसुद्धा एझीला पाडल्यामुळे मिळालेल्या पेनल्टीवरचा. मग पावसाने मैदानाचा चिखल झाला आणि एझी सुटला. दोन गोल मारून बरोबरी. ब्राझील पुन्हा पुढे गेलं, तर ८९ व्या मिनिटाला त्याने ४-४ केलं! जादा वेळेत ब्राझीलच्या लिओनिदासने दोन मारले, एझीने ११८ व्या मिनिटाला चौथा मारला, तिथेच वेळ संपली. ६-५. वर्ल्ड कपच्या एका सामन्यात चार गोल मारणारा तो पहिला, आणि तरी संघ हरून घरी आला. आजोबा हे सांगताना ८९ वर थांबतात, हरल्याचं हळूच सांगतात.

२७ ऑगस्ट १९३९ ला वॉर्सात त्याने बलाढ्य हंगेरीवर तीन गोल चढवले, पोलंड ४-२ ने जिंकलं. पाचव्या दिवशी, १ सप्टेंबरला, दुसरं महायुद्ध सुरू झालं.

आबा, तुम्ही लहानपणी वळिवड्याच्या छावणीत पाहिलेली पोलिश माणसं याच सप्टेंबरने घराबाहेर काढलेली. त्यांचा मुलूख पूर्वेकडचा, तो रशियाने घेतला. तिथून सायबेरिया, मग इराण, मग आपलं कोल्हापूर. इकडचा पश्चिमेचा भाग जर्मनीने सरळ आपल्यात जोडून टाकला. एझी जर्मन नागरिक झाला आणि जर्मनीकडून खेळला: ८ सामने, १३ गोल. पोलंडसाठी त्याने २२ सामन्यांत २१ मारले होते. त्याच काळात त्याच्या आईला आउशवित्सच्या छळछावणीत टाकलं होतं. एका ज्यू माणसाशी संबंध ठेवला हा तिचा गुन्हा. एका नामांकित वैमानिकाने शब्द टाकला म्हणून ती सुटली, असं सांगतात.

युद्धानंतर पोलंडमध्ये तो गद्दार ठरला. कितीतरी वर्षं त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. तो पश्चिम जर्मनीतच राहिला आणि १९९७ साली कार्ल्सरुहंमध्ये वारला. मला त्याला गद्दार म्हणवत नाही, आबा. ज्याचं गाव दोनदा देश बदलतं आणि ज्याची आई छावणीत असते, त्याने कोणती जर्सी घालायची हे मी इथे उबदार खोलीत बसून कसं ठरवू? आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, तो आमचा, या सिलेसिया भागाचा. आणि खडे परत साखरेच्या डब्यात टाकले.

परवा कामावरून येताना होझुफला उतरून रुखच्या जुन्या मैदानापाशी गेलो होतो. रस्त्याचं नाव चिहा, म्हणजे शांत. गेटजवळ दोन पोरं निळ्या मफलरी गुंडाळून बॉल खेळत होती. बराच वेळ उभा राहिलो.

एक विचारायचंय. आपल्याकडे पेठांच्या सामन्यांत एकट्याने एका मॅचला सगळ्यात जास्त गोल कुणी मारलेत? तुमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना विचारून ठेवा. आजोबांनी मला विचारलंय आणि मी पुढच्या रविवारी सांगतो म्हणून कबूल केलंय.

गुडघ्याला तेल लावत जा. आजीला नमस्कार.

तुमचा,
सुशांत