जाळरेषा मारायच्या आधी वणवा येतो कुठून ते तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आला की पेपरात एक बातमी ठरलेली, अमक्या सड्यावर (कातळाच्या माळावर) वणवा, आंबा-काजूची इतकी कलमं खाक, पंचनामा झाला. मी राजापूर तालुक्यातला काजूवाला. दोन वर्षांपूर्वी तसल्याच एका पंचनाम्यात माझं पण नाव होतं म्हणून लिहितोय.

झालं असं की त्या वर्षी कुठल्याशा योजनेतून वाडीला जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी, मारून मिळाली, आम्ही खूश. मारली कुठे तर डांबरी रस्त्याच्या कडेने, कारण तिथवर गाडी जाते, माणसं उतरवायला सोपं नि फोटो पण बरा येतो. आणि फेब्रुवारीत आग आली ती खालून वहाळाच्या (ओढ्याच्या) अंगाने, जिथे मुंबईकर भावकीची जमीन कैक वर्षं पडीक आहे, सातबारावर नावं बावीस आणि गवत छातीएवढं. दुपारचे तीन, खारा वारा सुरू झालेला, समोर चढण. आम्ही ऐनाच्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो पण जवळ उभंच राहवत नव्हतं. वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची कलमं, नुकती धरायला लागलेली, बघता बघता गेली. रस्त्याकडची जाळरेषा मात्र जशीच्या तशी, एक काडी जळली नाही तिथे.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की यात नशिबाचा भाग कमीच होता. चढण दर १० अंशांनी वाढली की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा एक ठोकताळा आहे, म्हणजे २० अंशांच्या घसरणीवर तीच आग सपाट सड्याच्या चौपट वेगाने वर येते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते पेटायच्या आधीच तापून कोरडं झालेलं असतं. दुसरी गोष्ट जळणाची. हे अभ्यासवाले लोक मेलेल्या जळणाचे प्रकार ते किती वेळात सुकतं त्यावर पाडतात, ६ मिलिमीटरपेक्षा बारीक ते एक तासाचं, मग १० तासांचं, १०० तासांचं, जाड ओंडके १००० तासांचे. आपलं सड्यावरचं गवत अख्खं एक तासाचं. पहाटे दवाने भिजलेलं असलं तरी ऊन चढलं की पेटायला तयार. उलट देवराईत जा, पातेरा (पडलेला पालापाचोळा) घोट्याएवढा असतो पण सावली आहे, ओल आहे, वारा आत शिरत नाही, तिथे आग कडेलाच दम टाकते. म्हणजे जळण किती टन आहे एवढंच विचारून भागत नाही, ते किती बारीक, किती सुकं आणि कुठल्या उतारावर आहे हे बघायला लागतं.

आणि हे जळण वाढलं कसं? लोकं म्हणतात हल्ली माणसं बेजबाबदार झाली, विडी टाकतात. अहो विडी आमचे आजोबा पण ओढत होते. तेव्हा दिवाळीनंतर सगळा सडा कापला जायचा, गुरांना गवत, मांगराच्या (शेतातल्या खोपीच्या) शाकारणीला गवत, चुलीला काटक्या, भाताच्या रोपांच्या जागेचा राब भाजायला कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा. आता गुरं नाहीत, मांगरावर पत्रे, चुलीच्या जागी सिलिंडर, आणि कापायला माणूस कुठे आहे, तो नालासोपाऱ्याला. ठिणगी पडायची ती पडतेच, खाली गंजी रचून ठेवलीय आपणच.

आता सगळीकडचं गवत काढणं कुणाच्या बापाला परवडणार नाही. ग्रासकटरचं पेट्रोल नि मजुरी बघा. म्हणूनच आधी धोका मोजा म्हणतोय, त्याला फार शिक्षण लागत नाही. ह्या तुकड्यात आग लागायचा चान्स किती, लागली तर भडकेल किती, आणि तिच्या वाटेत जळून जाण्यासारखं काय आहे, ह्या तिन्हीचा मिळून विचार करायचा. आमच्या वरच्या कातळावर जवळजवळ दरवर्षी आग लागते, पण गवत वीतभर, झाड नाही, आपोआप विझते. (टिटवीची अंडी तिथेच असतात ते वेगळं, तिला पंचनामा नाही.) वहाळाकडच्या घसरणीला आग क्वचित लागते पण लागली तर चाळीस घरांची कलमं वर आहेत. पैसा एकाच जागी घालायचा असेल तर तो तिथे घाला ना.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाने असं मोजमाप देशभर केलंय, त्यांच्या २०१९ च्या अहवालात देशातलं २१.४० टक्के जंगल जास्त ते अतितीव्र वणवाप्रवण म्हटलंय. काम चांगलंच आहे, पण त्यातला एक चौकोन ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरचा, म्हणजे आमची सगळी वाडी, शेजारची गावं, देवराई, कातळ एकाच रंगात. उपग्रहाला आग दिसली की त्यांचा एसएमएस अलर्ट पण मिळतो, नाव नोंदवून ठेवा जरूर. पण तो उपग्रह साधारण दुपारी दीडला नि रात्री दीडला वरून जातो, तीनला लागून पाचला विझलेली आग त्याला दिसायची कशी? आणि दिसली तरी कलमं गेलेलीच. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक रान खासगी मालकीचं, वनखात्याचा गार्ड तरी किती ठिकाणी पुरणार.

काही जण म्हणतात डिसेंबरातच सगळं जाळून टाका, गवत पण चांगलं येतं. कोवळी फूट दिसते हिरवी, खरंय, पण राख पहिल्या पावसात वहाळाला जाते आणि दरवर्षी जाळलं की माती उघडीच. पट्टी जाळायला माझा विरोध नाही, सकाळी, वारा पडलेला असताना, पाण्याचे कॅन आणि दहा-बारा माणसं हाताशी असतील तर. अख्खा सडा नको.

आम्ही वाडीतल्या चार जणांनी गेल्या वर्षी शाळेच्या वहीत नकाशा काढला, गवत कुठे उंच, उतार कुठे, आग यापूर्वी कुठून आली ते म्हाताऱ्यांना विचारून. पट्टी रस्त्यावरून उचलून वहाळाकडे नेली, गवत उंच तिथे जास्त रुंद. बावीस वारसांपैकी सात जणांनी फोनवर हो म्हटलं, एकाने कशाला हात लावलात म्हणून शिव्या दिल्या, बाकीच्यांनी मेसेज बघून सोडून दिला. पट्टी मारलीच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला सांगितलंय, कारण त्यानंतर महिना-दीड महिन्यात गवत पिवळं पडतं आणि कापायला तेवढेच दिवस मिळतात. बाकीच्या गावांनी पण त्याच सभेत घ्यावा, मार्चात घेऊन उपयोग नाही.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. राजापूर