जुनं घर, वसलेली वस्ती

संपादक महोदय,

शहराबाहेरचा नवा फ्लॅट सोडून आम्ही जुन्या वस्तीतलं लहान घर घेतलं. शाळा, दवाखाना, बसथांबा सगळं चालत गाठता येतं. आईला तर शेजारच मिळाला! पण बँका इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहून कर्जाची मुदत कमी करतात आणि हप्ता फुगतो. कमी उत्पन्नाचं कुटुंब तिथेच अडतं. असं घर शक्यतो पावसाळ्यात पाहावं. ओल, सुटलेला गिलावा, उघडी पडलेली गंजकी सळई तेव्हा लपत नाही. ताजा रंग दिसला तर अधिकच बारकाईने पाहावं. वायरिंग आणि नळ बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा. खरेदी आणि दुरुस्तीसाठी मिळून एकच कर्ज सहज मिळावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक